दुसऱ्या हाताचा बीपी

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, मा. वैद्यकीय शिक्षणमंत्री आणि राज्यातल्या सरकारी व खासगी रुग्णालयांतल्या स्ट्रोक विभागांचे प्रमुख यांस,



मी ३१ वर्षं परिचारिका होते. त्यातली शेवटची १४ कॅज्युअल्टीत गेली. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हे पत्र एका पेशंटमुळे लिहिते आहे. त्याच्यासाठी आता काही करता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझी मागणी लहान आहे. लकव्याचा पेशंट आला की गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देण्याआधी त्याच्या दोन्ही हातांचा बीपी घेतला जावा, आणि त्यासाठी केसपेपरवर तसा रकाना छापलेला असावा. ती का करते आहे हे सांगायला मात्र थोडी जागा लागेल.

नोव्हेंबरातली रात्र होती. पावणेदहाच्या सुमारास एका शेतकऱ्याला जीपमधून आणलं. वय ५४. बरोबर बायको आणि पुतण्या. "अंगावरून वारं गेलं ओ सिस्टर," बायको म्हणाली. डावा हात आणि डावा पाय लुळा, तोंड एका बाजूला ओढलेलं, जीभ जड. सुरुवात होऊन पावणेदोन तास झाले होते, म्हणजे पेशंट वेळेत आला होता. या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची, आणि त्या मुदतीत आलेला पेशंट आमच्याकडे क्वचितच दिसायचा. बहुतेकांना आधी लकव्याचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेलेलं असायचं आणि ते दुसऱ्या दिवशी दुपारी यायचे. त्यामुळे त्या रात्री आमच्या सगळ्यांच्या हातापायांत बळ आलं होतं. हा माणूस आपल्या पायांनी घरी जाणार, असं मला मनापासून वाटत होतं.

मी पडलेल्या हाताला कफ बांधला नाही. आम्हाला शिकवलंच तसं आहे: लकव्यात बीपी चांगल्या हातावर घ्यायचा. उजव्या दंडाला कफ बांधला. ९८/६०. शुगर ठीक होती. सीटीत मेंदूत रक्तस्राव नव्हता. इंजेक्शनआधीच्या यादीवर एकेक खूण होत गेली. बीपीपुढे छापलं होतं, '१८५/११० पेक्षा कमी आहे का?' मी 'हो'वर खूण केली.

त्या खुणेचा मी पुढे फार विचार केला आहे. लकवा झालेल्या माणसाचा बीपी सहसा चढलेला असतो. मेंदूला रक्त कमी पडू लागलं की शरीर आपणहून दाब वाढवतं. १७०, १९०, कधी त्याच्याही वर. या माणसाला दहा वर्षांचा बीपीचा त्रास होता, आणि "आता बरं वाटतंय, उगाच सवय नको" म्हणून चार महिन्यांपूर्वी त्यांनी गोळी सोडली होती. अशा माणसाचं अर्धं अंग नुकतंच गेलं आहे आणि त्याचा बीपी ९८ कसा? हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण कागद फक्त वरची मर्यादा विचारत होता. खालचा आकडा बघून आम्हाला हायसंच वाटलं. बीपी उतरवण्यात वेळ जाणार नाही, लगेच सुरू करता येईल.

इंजेक्शन सुरू झालं. औषधाचा दहावा भाग आधी एकदम देतात, उरलेलं तासाभरात पंपावर. दर पंधरा मिनिटांनी बीपी घ्यायचा. पहिल्यांदा ९४, नंतर ९०. डॉक्टरांनी सलाईन वाढवायला सांगितलं. पंपाची लाईन उजव्याच हातात होती. कफ फुगला की ती अडायची आणि अलार्म वाजायचा. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी कफ सोडला आणि डाव्या, पडलेल्या हाताला बांधला. आकडा आला १८२/१०४.

मशीन बिघडलं असं मला वाटलं. हाताने फुगवायचं यंत्र आणलं, स्टेथो लावून दोन्हीकडे घेतला. उजवा ९०. डावा १८०. उजव्या मनगटावर नाडी दोऱ्याएवढी लागत होती आणि बोटं गार होती. जो हात आम्ही चांगला म्हणत होतो, तो गार होता.

डॉक्टरांना हाक मारली. ते आले, त्यांनी दोन्ही मनगटं एकदम धरली आणि एक शब्द न बोलता पंप बंद केला. एकोचं मशीन आलं. हृदयाभोवतीच्या पिशवीत रक्त साठत होतं, आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीत एक पातळ पापुद्रा हलत होता. पाऊण औषध तोवर अंगात गेलं होतं. पहाटे अँब्युलन्स दारात उभी असताना पेशंट दगावला.

बायको बाकावर बसून पुन्हा पुन्हा एकच सांगत होती. "संध्याकाळी वैरण टाकताना पाठीत कळ आली त्यांना. दोन खांद्यांच्या मधी सुरी खुपसल्यागत. मी बाम चोळला. मग कळ राहिली, आणि जेवायला बसले तर हात पडला." हे ती दारात पाऊल टाकल्या टाकल्या बोलली होती. मी ऐकलंही होतं. केसपेपरवर त्यातला एकही शब्द नव्हता.

काय झालं होतं ते मी नंतर समजून घेतलं. ते तुम्हाला नवं नाही, पण हे पत्र पेशंटचे नातेवाईकही वाचतील, म्हणून सांगते. महाधमनीची भिंत तीन थरांची असते. वर्षानुवर्षं चढ्या दाबाने आतला थर थकतो आणि एखाद्या क्षणी चिरतो. मग गोधडीचं अस्तर उसवल्यावर हात जसा आत शिरतो, तसं रक्त दोन थरांच्या मधे शिरतं आणि वाट काढत पुढे जातं. डॉक्टर याला डिसेक्शन म्हणतात. महाधमनीच्या कमानीवरून निघणारी पहिली मोठी फांदी उजव्या हाताला आणि मेंदूच्या उजव्या भागाला रक्त नेते. उसवण तिथे पोचली की दोन गोष्टी एकदम होतात. उजव्या हाताचा दाब पडतो. आणि मेंदूची उजवी बाजू डाव्या अंगाचा कारभार बघत असल्यामुळे लकवा डावीकडे होतो. म्हणजे आमचा 'चांगला' हात हाच खोटा आकडा सांगणारा हात होता, आणि खरा दाब पडलेल्या हातात होता. आम्ही खोट्या आकड्यावर विसंबून सलाईन वाढवत राहिलो आणि फाटलेल्या नळीवरचा भार वाढवला.

असा लकवा गुठळीने सुरू झालेला नसतो, रक्ताची वाट दबल्याने झालेला असतो. अशा वेळी गुठळी विरघळवणारं औषध दिलं, की फाटलेल्या भिंतीला जे काही तात्पुरतं धरून ठेवत असतं तेही सुटतं. महाधमनीच्या कमानीत डिसेक्शन आहे किंवा तसा संशय आहे, तर हे इंजेक्शन देऊ नये, असं अमेरिकेतल्या हृदय आणि पक्षाघात संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. पण संशय यायला काहीतरी दिसावं लागतं. बघायचं कुठे, हे कॅज्युअल्टीतल्या कागदावर नसेल तर रात्री दहा वाजता, पंचवीस पेशंटच्या गर्दीत, ते कोणाला सुचणार?

छातीत किंवा पाठीत फाटल्यासारखी कळ हे मोठं लक्षण, हे खरं. पण त्यावर भिस्त ठेवता येत नाही. डिसेक्शनमुळे ज्यांच्या मेंदूवर परिणाम होतो, त्यांतल्या सुमारे एक तृतीयांश पेशंटना दुखल्याची तक्रारच नसते. काहींना दुखून गेलेलं असतं, काहींची वाचा गेलेली असते, काही बेशुद्ध असतात. म्हणून नातेवाइकांना नेमकं विचारावं लागतं: हात पडायच्या आधी कुठे कळ आली होती का? घेरी येऊन पडले होते का? घरात कोणी तरुणपणी असंच अचानक गेलं आहे का? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, कारण काही घरांत महाधमनीची भिंत जन्मतःच नाजूक असते. खूप उंच, लांब बोटांचा, तिशीतला मुलगा लकवा होऊन आला तर तंबाखूच्या आधी हे डोक्यात यायला हवं.

मला यावर दोन आक्षेप ऐकायला मिळाले आहेत, आणि दोन्ही आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे.

पहिला वेळेचा. लकव्यात दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे मिनिटं वाचवायला शिकलो. दारात आल्यापासून साठ मिनिटांत सुई, हे आमच्या भिंतीवर लिहिलेलं असायचं. मी त्या मोहिमेत होते आणि आजही तिच्या बाजूने आहे. हे इंजेक्शन घेऊन उठून चालू लागलेली माणसं मी पाहिली आहेत. एका शाळामास्तरांनी तिसऱ्या दिवशी मला स्वतःच्या हाताने चिठ्ठी लिहून दिली होती. कोणी हे पत्र वाचून इंजेक्शनला घाबरू नये, नातेवाइकांनी नकार देऊ नये, असं मी हात जोडून सांगते. डिसेक्शनमुळे होणारा लकवा विरळा असतो. पण दुसऱ्या हाताचा बीपी घ्यायला एक मिनिट लागतं, आणि ते मिनिट सीटीच्या टेबलावर पेशंट सरकवेपर्यंत सहज मिळतं. एक परिचारिका इंट्राकॅथ लावत असते तेव्हा दुसरी दुसऱ्या दंडाला कफ बांधू शकते.

दुसरा आक्षेप असा की दोन हातांत फरक असला म्हणजे डिसेक्शनच, असं नाही. बरोबर आहे. वयस्कर माणसांत, सिगारेट ओढणाऱ्यांत, हाताकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाल्यामुळेही फरक पडतो. कफ सैल असला तरी पडतो. आणि फरक नसला म्हणजे डिसेक्शन नाही, असंही नाही. मी एवढंच म्हणते आहे की २० किंवा जास्त फरक दिसला, किंवा लकव्याच्या पेशंटचा बीपी विनाकारण खाली दिसला, तर पंपाचं बटण दाबायच्या आधी कोणीतरी थांबावं आणि छातीकडे बघावं. निदान करायचं काम स्कॅनचं. थांबायला लावणारा आकडा मात्र आमच्या हातात असतो.

स्कॅनबद्दल स्ट्रोक विभागाच्या प्रमुखांशी थेट बोलते. मेंदूचा साधा सीटी फक्त रक्तस्राव नाही एवढंच सांगतो. त्याला 'क्लीन' म्हणायची सवय आम्हा सगळ्यांना आहे, आणि आमच्या पेशंटचा सीटीही क्लीनच होता. जिथे सीटी अँजिओग्राफी होते, तिथे ती मानेपासून सुरू न करता महाधमनीच्या कमानीपासून सुरू करावी. चांगल्या केंद्रांत तसं करतातच. टेबल थोडं खाली घ्यायचं, रंगद्रव्य तेच, वेळ काही सेकंदांचा. त्या थोड्याशा जागेत तो पापुद्रा दिसतो. संशय पक्का असेल तर पूर्ण छाती आणि पोटापर्यंत स्कॅन करावा लागतो, पण ते पुढचं. जिथे अँजिओग्राफीची सोय नाही, तिथे निदान एकोचा किंवा मानेच्या सोनोग्राफीचा प्रोब तरी असतो. मानेतल्या मोठ्या धमनीतही तो पापुद्रा कधीकधी हलताना दिसतो. छातीचा साधा एक्स-रे रुंद दिसला तर उपयोगी, पण तो नॉर्मल आला म्हणून निश्चिंत होता येत नाही.

निदान झालं की उपचारांची दिशा उलटी होते, आणि इथे गोंधळ होतो. नेहमीच्या लकव्यात आपण चढलेला बीपी लगेच उतरवत नाही, कारण मेंदूला तो दाब हवा असतो. डिसेक्शनमध्ये आधी नाडीचा वेग साठपर्यंत आणि मग दाब १०० ते १२० पर्यंत आणायचा असतो, आणि तोही ज्या हातात जास्त भरतो त्या हातावर मोजून. दोन्ही एकाच शरीरात असतील तर किती उतरवायचा, हे अनुभवी डॉक्टरने पेशंटजवळ उभं राहून ठरवायचं असतं. अॅस्पिरिन, हेपारिन सवयीने चढवलं जाऊ नये. आणि महाधमनीच्या सुरुवातीचा भाग फाटला असेल तर औषधं फक्त वेळ मिळवून देतात. उपचार शस्त्रक्रियेचाच. शरीर थंड करायचं, रक्ताभिसरण यंत्रावर घ्यायचं, मेंदूला वेगळ्या नळीतून रक्त देत राहायचं, आणि फाटलेला भाग काढून कापडी नळी शिवायची.

ती कापडी नळी डॅक्रॉनची असते. अमेरिकेतले शल्यविशारद मायकेल डिबेकी यांनी १९५० च्या दशकात दुकानातून डॅक्रॉनचं कापड आणून घरच्या शिलाई मशीनवर अशा नळ्या शिवल्या होत्या. डिसेक्शनवरची शस्त्रक्रिया रुळवणाऱ्यांत ते अग्रणी. ३१ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ९७ व्या वर्षी, त्यांची स्वतःची महाधमनी उसवली. कळ आली तेव्हा त्यांनाही आधी वाटलं की हा हार्ट अॅटॅक. पुढे फेब्रुवारीत त्यांच्यावर ह्यूस्टनमध्ये तीच शस्त्रक्रिया झाली आणि ते आणखी दोन वर्षं जगले. हा आजार ज्यांनी आयुष्यभर हाताळला त्यांना जो घोटाळा झाला, तो रात्रपाळीच्या इंटर्नला झाला तर नवल नाही. त्याच्या हातात छापील कागद हवा तो त्यासाठीच.

"लकवा झालाय, आता एवढं मोठं ऑपरेशन कशाला?" हे वाक्य मी कॉरिडॉरमध्ये ऐकलं आहे. पूर्वी ते वैद्यकीय शहाणपण समजलं जायचं, आता राहिलेलं नाही. या आजाराची १९९६ पासून एक आंतरराष्ट्रीय नोंदवही ठेवली जाते. तिच्यातल्या लकवा झालेल्या पेशंटपैकी ज्यांना फक्त औषधांवर ठेवलं, त्यातले सुमारे तीन चतुर्थांश रुग्णालयातच दगावले. ज्यांची शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात हे प्रमाण साधारण चौथा हिस्सा होतं. शस्त्रक्रियेला घेतलेले पेशंट मुळात जरा बऱ्या अवस्थेतले असणार, हे धरून चाललं तरी एवढा फरक नुसता निवडीचा नसतो. आणि वाचलेल्यांपैकी अनेकांच्या हातापायांत पुन्हा जीव आला. पण हे सगळं वेळेवर अवलंबून आहे. महाधमनीच्या सुरुवातीचं डिसेक्शन उपचारांविना राहिलं, तर पहिल्या दोन दिवसांत दर तासाला शंभरातले एक-दोन जण जातात, असं जुन्या पाठ्यपुस्तकांत असायचं. नवे आकडे त्याहून थोडे सौम्य आहेत, पण तासातच मोजावे लागतात.

मंत्रिमहोदय, हे तास तुमच्या हातात आहेत. त्या पहाटे अँब्युलन्स दारात उभी होती, पण कुठे जायचं ते ठरत नव्हतं. मी स्वतः पाच ठिकाणी फोन लावले. एका ठिकाणी सर्जन सकाळी येणार होते, एका ठिकाणी आयसीयूत खाट नव्हती, दोन ठिकाणी फोन उचलला गेला नाही, पाचव्या ठिकाणी आधी पैशांचं विचारलं. या राज्यात २०१४ पासून १०८ ची गाडी आहे, आणि तिने किती जीव वाचवले ते मी दारात उभी राहून पाहिलं आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहे, तिची मर्यादा आता कुटुंबामागे पाच लाखांची झाली आहे. हार्ट अॅटॅकच्या पेशंटचा ईसीजी तालुक्याहून पाठवून पुढचं केंद्र तयार ठेवायची व्यवस्थाही आपल्याकडे उभी राहिली. मग महाधमनीसाठी प्रत्येक विभागात आज रात्री कोणता सर्जन ऑन कॉल आहे, कुठे खाट आणि रक्त तयार आहे, हे १०८ च्या नियंत्रण कक्षाला एका नजरेत कळावं, एवढं करता येणार नाही का? जिल्ह्यातल्या परिचारिकेने मध्यरात्री डायरीतून नंबर शोधत बसू नये. आणि योजनेच्या मंजुरीसाठी कोणाची छाती उघडायची थांबू नये. कागद नंतर पूर्ण होतात.

परिचारिकांच्या प्रशिक्षणाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण कफ आम्ही बांधतो. 'पडलेल्या हातावर बीपी घेऊ नका' हे वाक्य आम्ही पाठ केलं, पुढच्या बॅचला शिकवलं. मीही शिकवलं. रोजच्या नोंदीसाठी ते ठीकच आहे. पण कॅज्युअल्टीत पहिल्यांदा घेताना दोन्हीकडे घ्या, दोन्ही मनगटं हातात धरा, एक गार लागतं का बघा, आणि नातेवाईक दारात काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, हे कोणी शिकवत नाही. 'बाम चोळला' हे लिहिण्यासारखं वाक्य आहे हे मला त्या रात्री कळलं नाही. दरवर्षी २९ ऑक्टोबरला, जागतिक पक्षाघात दिनी, आपण पोस्टर लावतो. चेहरा, हात, बोलणं. ते पोस्टर लोकांसाठी आहे आणि चांगलं आहे. तसंच एक पोस्टर कर्मचाऱ्यांसाठी, कफ जिथे टांगतो त्या खिळ्याच्या वर, लावता येईल.

त्या घटनेनंतर मी आमच्या कॅज्युअल्टीत केसपेपरवर पेनाने दोन चौकोन काढायला लागले. 'उ' आणि 'डा'. बाकीच्या मुली बघून बघून काढू लागल्या. निवृत्त व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात एक बाई लकवा म्हणून आल्या. 'उ'मध्ये १०२ आणि 'डा'मध्ये १६८. ड्यूटीवरच्या नवख्या डॉक्टरने ते पाहिलं, इंजेक्शन थांबवलं, आणि त्यांना मोठ्या शहरात पाठवलं. त्यांचा मुलगा सहा महिन्यांनी पेढे घेऊन आला होता. आई काठी घेऊन अंगणात येते, म्हणाला.

मी गेल्यावर नवे केसपेपर आले. त्यावर बीपीचा रकाना एकच आहे, आणि मुलींच्या मागे इतकी कामं असतात की पेनाने चौकोन काढायचं राहून जातं. परवा त्यातल्या एकीने फोनवर सांगितलं. पुढचे केसपेपर छापायला जातील तेव्हा नमुन्याची एक प्रत या पत्राला उत्तर म्हणून पाठवा. त्यात दोन चौकोन आहेत का, तेवढं मला बघायचं आहे.

आपली,
एक निवृत्त परिचारिका